उभयपक्षांचे संमतीने

३० एप्रिल १९३३, अमरावती

बहिणीच्या, कमळच्या, लग्नाची याद झाली; देण्याघेण्याचा ठराव कागदावर आला. अकोल्याची मंडळी सकाळच्या गाडीने आली. व्याही तात्यासाहेब म्हणजे अकोला बारमधले बडे प्रस्थ. मी नवशिका वकील, अजून पक्षकार कमी आणि माशा जास्त मारतो. म्हणूनच मसुदा मी करणार असा हट्ट धरला होता. मानपान, वऱ्हाडाची उतरण्याची सोय, दागिने, ही नेहमीची कलमे. सहावे मात्र आमच्या घरचे: 'मुलीचे मॅट्रिकचे शिक्षण राहिले आहे ते वरपक्षाने अकोल्यास पुरे करून द्यावे व तिला परीक्षेस बसवावे.' बाबांचा सगळा जीव त्या कलमात. मास्तरकीत जन्मभर लोकांची मुले मॅट्रिक केली, आपली एक मुलगी व्हावी एवढेच मागणे. तात्यासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून वाचले. म्हणाले, "मान्य. शिकलेली सून आम्हांला जड नाही."

सातवे कलम माझ्या सवयीचे. प्रत्येक करारनाम्याच्या शेवटी घालतो तसे घातले: 'यादीतील मजकुरात उभयपक्षांचे संमतीने फेरफार करता येईल.' लग्नाच्या यादीत असले काही कोणी लिहीत नाही. पण भटजीची याद आणि वकिलाची याद यात फरक नको? तात्यासाहेब म्हणाले, "मसुदा नेटका आहे हो तुमचा." दिवसभर मी हवेत.

याद वाचताना मुलगी बैठकीत नसते. कमळ दाराआड आईजवळ होती. कागदाला हळदकुंकू लागले, बाबांनी आणि तात्यासाहेबांनी सह्या केल्या, पेढे वाटले. नंतर कमळ मला म्हणाली, "भाऊ, तुझं अक्षर किती घाण आहे. पण सहावं कलम छान काढलंस."

१८ मे

लग्न पार पडले. ऊन असे की मांडवात वरमाईला भोवळ आली. पंखा मी घातला. सासरी नाव सुमती ठेवले. जावई दिनकरराव नागपूरला कायदा शिकतात. मवाळ गृहस्थ. बापासमोर मान हलवतात, ती होय म्हणून की नाही म्हणून ते कळत नाही.

कमळच्या पेटीत आईने पातळांच्या खाली तिची भूमितीची आणि इंग्रजीची पुस्तके भरली. बाबा स्टेशनवर आले नाहीत. दमा उठला असे म्हणाले.

२ जुलै

कमळचे पत्र. शाळेत नाव घातले. मोर्णा नदीच्या अलीकडेच शाळा आहे, घरची मोलकरीण सोडायला येते. वर्गात लग्न झालेली ही एकटीच, मुली मंगळसूत्राला हात लावून बघतात. बाबांनी पत्र वाचले, पुन्हा वाचले, मग उशीखाली ठेवून झोपले.

सौ. म्हणते, "तुमच्या तात्यासाहेबांना उगीच घाबरत होते. शब्दाचे पक्के आहेत." सौ. पुण्याची. वऱ्हाडातला माणूस मोठ्याने बोलला की तिला भांडणच वाटते.

२ सप्टेंबर

बाबांचे दिवस झाले. काल तेरावा.

शेवटी बोलणे नव्हतेच, नुसती धाप. त्याच्या आदल्या दिवशी मात्र म्हणाले होते, "वासुदेवा, कमळचं तू बघ. परीक्षेच्या दिवसांत अकोल्याला जाऊन राहा. तिला प्रश्न नीट वाचायची सवय नाही, घाई करते." मी हो म्हणालो. असल्या वेळी माणूस हो म्हणतोच. पण मी मनापासून म्हणालो होतो, हे इथे लिहून ठेवतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी

काल अकोल्याला गेलो होतो. सुतकी वर्ष, सण नाही, पण बहिणीकडून ओवाळून घ्यायला हरकत नाही, असे आई म्हणाली. नुसते पातळ घेऊन गेलो.

तात्यासाहेबांनी आधी ऑफिसच्या खोलीत नेले. "वासुदेवराव, मास्तर गेले. आता वधूपक्ष म्हणजे आपण." मग म्हणाले, विहीणबाईंचे गुडघे धरलेत, घर चालत नाही, सून दिवसभर शाळेत. "करार मोडणारा माणूस मी नाही. मला तो करारानेच बदलायचा आहे. तुमचंच सातवं कलम आहे." कागद तयार होता. 'सहावे कलम उभयपक्षांचे संमतीने रद्द समजावे.' ता. सा.ची सही वर झालेली.

मी कागद हातात धरून बसलो. त्यांनी सुपारी कातरली, मला दिली. म्हणाले, कापसाच्या जिनिंग कारखान्याचा एक दावा आला आहे, हाताखाली हुशार माणूस हवा आहे, अमरावतीत बसून तुमचं काय होणार. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरे झाले असते, मला रागावता तरी आले असते.

'कमळला विचारतो' हे शब्द ओठांपर्यंत आले. खरेच आले होते. पण तिला काय विचारायचे, पक्षकार आम्ही दोघे, असे मनात येऊन गेले, आणि मी सही केली.

मग पाट, रांगोळी. कमळने ओवाळले. वाढताना म्हणाली, "सहामाहीला भूमितीत मी वर्गात पहिली आले भाऊ. बाबांना सांगायला पाहिजे होतं." विहीणबाई म्हणाल्या, भावाला बासुंदी वाढ. तिने वाढली. मी खाल्ली. पुन्हा वाढली, तीही खाल्ली.

२६ ऑक्टोबर

स्वतःशी वाद घालतो आहे आणि दोन्ही बाजूंनी मीच हरतो आहे.

मुद्दे: सौ.ला दिवस गेले आहेत. आई आहे. कामे नाहीत. ता. सा.चा हात डोक्यावर असला तर दोन वर्षांत माणूस उभा राहतो. शिवाय सही केली नसती तर त्यांनी शाळा थांबवली नसती का? मी काय अकोल्याला फौज नेणार होतो? सगळे मुद्दे बिनतोड आहेत. म्हणूनच त्यांचा वास येतो. पक्षकार असे बिनतोड बोलायला लागला की आम्ही वकील ओळखतो.

घरात कोणाला सांगितलेले नाही. आईने विचारले, कमळ कशी आहे. म्हटले, मजेत.

१७ नोव्हेंबर

जिनिंगच्या दाव्याचे कागद आले. हकीकत अशी. कारखान्याचे दोन भागीदार वेगळे झाले. वाटणीच्या करारात त्यांनी लिहिले की म्हाताऱ्या नामदेव मुनिमाने कारखान्याच्या आवारातल्या दोन खोल्यांत तहहयात राहावे. आवार ज्याच्या वाट्याला गेले तो आता मुनिमाला काढतो आहे. मुनिमाने दावा लावला. आम्ही भागीदारातर्फे. ता. सा. म्हणतात, मुद्दा एकच, पण तो पुरेसा आहे: करार दोघा भागीदारांचा. मुनीम त्यात पक्षकार नाही. त्याच्या फायद्याचे लिहिले म्हणून त्याला हक्क पोचत नाही, तो त्रयस्थ.

'त्रयस्थ' या शब्दाशी परत परत येतो आहे. 

२३ नोव्हेंबर

विरुद्ध बाजू काय काढील ते बघायला बाररूममध्ये निवाड्यांची बाडे उपसत होतो. सापडला. विलायतेतल्या प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे सगळ्यांत वरच्या कोर्टाचा, जुना. मुलगा मुलगी दोघे वयाने अज्ञान. करार मुलाच्या आणि मुलीच्या बापांत: सासऱ्याने सुनेला पानदानाचा खर्च, म्हणजे हातखर्च, द्यावा. त्याने दिला नाही. सुनेने, कोणा बेगमेने, दावा लावला. सासरा म्हणाला, तू करारात कुठे आहेस? आणि सून जिंकली. ज्या देशात लग्ने आईबापच ठरवतात, तिथे त्रयस्थाला हक्क नाही हा विलायतेचा नियम जसाच्या तसा लावला तर मोठा अन्याय होईल, असा निवाड्याचा भाव.

मुनिमाला हा कितपत लागू पडेल, वाद आहे. कमळला लागू पडतो. तिचे वय, दोन बाप, याद, सारे तसेच. माझी सही मध्ये आली नसती तर तिच्या हक्काला कोणी हात लावू शकले नसते. आणि माझ्या सहीनेही तिचा हक्क खरेच बुडतो का, तिला न विचारता, हाही प्रश्नच आहे.

पुस्तक मिटून जागेवर ठेवले. जागेवर म्हणजे होते तिथेच ठेवले, की मागच्या ओळीत? मागच्या ओळीत ठेवले. लिहायला लाज वाटते, पण ठेवले.

९ डिसेंबर, अकोला

तारखेसाठी आलो, उतरलो ता. सा.कडेच. दुपारी ते कोर्टात राहिले, मी लवकर परतलो. कमळ मागच्या पडवीत तूर निवडत होती. मला पाहून सूप बाजूला केले, तोंड उजळले. तिला वाटले मी तिच्यासाठी आलो.

"भाऊ, दिवाळीच्या सुटीपासून मला शाळेत पाठवून नाही राहिले. मामंजींनी याद मोडली. यांना लिहिलं, तर यांचं उत्तर आलं, वडिलांना दुखवू नकोस. तू त्यांना कलम दाखव ना. तूच काढलंस ते."

मी काय बोललो? इथे शब्दशः लिहितो, शिक्षा म्हणून. म्हणालो, "हे बघ कमळ, कायद्याने तू त्या करारात पक्षकार नाहीस. तुला त्यावर काही मागता येत नाही."

ती म्हणाली, "शाळा माझी. जाणार मी. बसणार मी परीक्षेला. अन् मीच परकी?"

"कायदा तसा आहे."

"बरं, मी नाही. पण बाबांच्या जागी तू आहेस ना? मग तू माग."

मी तुरीतला खडा उचलला, बाजूला टाकला. दुसरा शोधू लागलो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "सही केलीस?"

मी मान हलवली. दिनकररावांसारखी नव्हे. होय म्हणूनच.

"कधी?"

"भाऊबीजेला."

"जेवणाआधी की नंतर?"

"आधी."

ती परत सूप घेऊन बसली. रडली असती तर समजूत काढायला काही तरी सुचले असते. पाखडताना फोलपटे माझ्या अंगावर उडत होती, मी हललो नाही. काही वेळाने म्हणाली, "काहून केली रे?" मी जिनिंगच्या दाव्याचे बोललो नाही. बेगमेच्या निवाड्याचेही बोललो नाही. संध्याकाळी ता. सा.बरोबर बसून मुद्दे काढले.

१४ डिसेंबर, अकोला

दावा निकाली. मुनिमाचा दावा फेटाळला. युक्तिवादाचा मोठा भाग ता. सा.नी मला करू दिला. मुनिमाच्या वकिलाने तो निवाडा काढलाच नाही. तो त्याला ठाऊक नसावा. मी उभा असताना सारखे वाटत होते, आता काढील, आता काढील. काढला असता तर मी हरलो असतो आणि मोकळा झालो असतो.

न्यायाधीश म्हणाले, मुद्दा फार स्वच्छ मांडला. ता. सा.नी पाठीवर हात ठेवला. तोच हात बाबांनी ठेवला असता तर म्हणून डोळ्यांत पाणी यायला हवे होते. मला त्या हाताखालून निसटावेसे वाटले.

बाहेर वऱ्हांड्यात नामदेव मुनीम भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून उठला. "वकीलसाहेब, कागदात माह्यं नाव तं होतं ना जी? तुमीच वाचून दाखोलं."

"होतं, मुनीमजी."

"मंग ते कावून लिहिलं होतं त्यायनं?"

टांगा उभा होता. ता. सा. हाक मारत होते. मी गेलो.

१७ डिसेंबर, अमरावती

सौ.ला सगळे सांगितले. दावा जिंकल्याचे आधी सांगितले, तिने देवापुढे साखर ठेवली. मग उरलेले. तिने ती साखर उचलली नाही. संध्याकाळी वाती वळता वळता म्हणाली, "आपल्याला मुलगी झाली तर तिची याद मी लिहिणार. तुम्ही हळद कालवा." पुण्याचे बोलणे. आवाज चढत नाही, पण चामडी सोलली जाते.

आईलाही कळले. बाबांच्या कोटाचे बटण तुटले होते ते आज शिवत बसली. कोट आता घालायचा कोणी?

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. शाळेत बाबांनीच या म्हणीवर निबंध लिहून घेतला होता. चांगला लिहिला होता मी.

३ जानेवारी १९३४

गेल्या आठवड्यात ता. सा.चे पत्र आले. आणखी दोन कामे. शेवटी एक ओळ: 'चि. सौ. सुमती घरात रुळली आहे. काळजी नसावी.'

हो म्हणून कळवायला तीन दिवस लावले. पण कळवले.

११ जानेवारी

आज सकाळी घरच्या ऑफिसात पक्षकार आले होते. तिवशाचा एक संत्र्याच्या बागेवाला, एक पटवारी, आणि बाकाच्या टोकाला कोणी बाई, पदर पुढे ओढून. मला वाटले पटवाऱ्याबरोबरची. बागेवाल्याचे झाले, पटवाऱ्याचे झाले. तो गेला तरी बाई बसूनच. मग तिने पदर मागे घेतला.

कमळ. एकटी अकोल्याहून आली होती, बडनेऱ्याला गाडी बदलून. आईला भेटायला जाते म्हणून निघाली, आणि आईला अजून भेटलीच नव्हती. मागचे दार सोडून पुढच्या दाराने येऊन पक्षकारांच्या बाकावर बसली होती, आपली पाळी येईपर्यंत.

"कमळ, आत चल."

"आत नाही. मी कामासाठी आले. माझं वकीलपत्र घेतोस का?"

म्हटले, मला घेता येणार नाही. त्या कागदावर माझीच सही आहे, मी साक्षीदार ठरतो, पक्षकार ठरतो. असले पाच-सहा शब्द बोललो.

ती म्हणाली, "कोर्टात जायला वेळ कोणाला आहे? दावा लागेल, तारखा पडतील, मी म्हातारी होईन. मॅट्रिकचे फॉर्म भरायचे थोडे दिवस राहिलेत. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, बुडालेला अभ्यास त्या करवून घेतील, पण घरचं कोणी तरी लिहून द्यायला पाहिजे. तू नोटीस दे मामंजींना. तू सही केलीस ती मला न विचारता केलीस, ती तू मागे घेतलीस, अन् सहावं कलम उभं आहे. एवढंच लिही."

तेव्हा मी तिला निवाड्याचे सांगितले. बेगम, सासरा, दोन बापांचा करार. सांगायचे ठरवले नव्हते, तोंडातून बाहेर पडले. ती ऐकत होती. मध्ये म्हणाली, "म्हणजे मी परकी नाही?"

"त्या निवाड्याप्रमाणे, नाही. पण माझ्या सहीने पेच पडला आहे. टिकेल की नाही सांगता येत नाही."

"हे तुला कधीपासून माहीत?"

म्हटले, "नोव्हेंबरपासून. एका मुनिमाच्या दाव्यासाठी शोधताना सापडला."

"म्हणजे मी तूर निवडत होते तेव्हा माहीत होतं."

"होतं."

तिने बाकावरचा हात उचलून मांडीवर घेतला. एवढेच केले. मला इतकी लाज जन्मात कधी वाटली नाही. बासुंदी खाल्ली तेव्हाही नाही, बाड मागच्या ओळीत ठेवले तेव्हाही नाही.

मी म्हणालो, नोटीस गेली की ता. सा.चा माझा संबंध संपला. ते असू दे. पण तुला त्यांनी घराबाहेर काढलं तर? दिनकरराव तोंड उघडणार नाहीत. इथे आई आहे, सौ.चे दिवस भरत आले आहेत, मी...

"ते माझं मी बघीन," कमळ म्हणाली. "त्याचा करार तू कोणाशी करू नको."

मी आतल्या टेबलाशी आलो. कागद काढला. तारीख घातली. 'रा. रा. तात्यासाहेब यांसी' असे लिहिले. पुढे 'निम्नलिखित सही करणार', आणि थांबलो. कागद सरकवला, ही वही ओढली, आणि सकाळपासूनचे सगळे लिहीत बसलो आहे. हे लिहायला हात कसा चालतो बघा.

दार उघडे आहे. ती बाकावर ताठ बसली आहे, पदर खांद्यावर. आई एकदा येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. आत्ता सौ. आली, तिला म्हणाली, पान मांडते, चला. कमळ म्हणाली, "भाऊचं लिहून होऊ द्या वहिनी. मग जेवू." आणि माझ्याकडे बघून थोडी हसली. भाऊबीजेनंतर आज पहिल्यांदा.

तिला वाटते आहे, मी नोटीसच लिहितो आहे.